मुलांच्या नावांसमोरचा रिकामा चौकोन

गॅस स्टेशनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पेट्रोल पंपाच्या, खांबावरचा भाव बदलायला एक लांब काठी असते. तिच्या टोकाला रबराची वाटी असते. ती आकड्याच्या पत्र्यावर दाबली की पत्रा चिकटतो, मग तो खाचेतून ओढून काढायचा आणि त्या जागी दुसरा बसवायचा. सनीव्हेलमधल्या एका गॅस स्टेशनवर हे काम माझा नवरा करत असे. २००८ साली मार्च-एप्रिलमध्ये ती काठी आठवड्यातून तीन-तीनदा निघायची. भाववाढीची बातमी इतर लोक पेपरात वाचतात. आमच्याकडे भाव वाढवणारा माणूसच संध्याकाळी घरी जेवायला येत असे. आणि येताना आपल्याच हाताने चढवलेल्या भावाने आमच्या जुन्या गाडीत गॅस भरून येत असे, कारण नोकरांना सवलत नव्हती.

मी एका भारतीय किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत ताशी पगारावर पोळ्या लाटत असे. पाकिटावर ‘घरच्या पोळ्या’ असं छापलेलं होतं. कुणाच्या घरच्या, हे कुणी विचारत नसे. संध्याकाळी कमरेला कंपनीचा बिल्ला लटकवलेली पुण्या-नागपूरची मुलं येत, दारातून डोकावून विचारत, “काकू, आज मेथीच्या नाहीत का यार?” त्यांच्या आयांना फोनवर आपली मुलं नीट जेवतात असं ऐकायला मिळत होतं, त्यात माझ्या लाटण्याचा मोठा वाटा होता. त्या वर्षी कणीक महागली, तेव्हा मालकाने दहाच्या पाकिटात आठ पोळ्या भरायला सांगितलं आणि भाव वाढवला नाही, हे पाटी लावून जाहीर केलं. त्याच सुमाराला घाऊक दुकानात तांदळाच्या पोत्यांपाशी, एका गिऱ्हाइकाला ठरावीकच पोती मिळतील, अशी सूचना लागली. रेशनच्या रांगेतून सुटून अमेरिकेत आलेल्या बायका ती वाचून एकमेकींकडे बघून हसत होत्या.

आम्ही सॉफ्टवेअरवाले नव्हतो, हे सांगायला हवं. आमच्या भागातला मराठी माणूस म्हटला की लोक आधी कंपनी विचारत आणि मग व्हिसा. आम्ही ताईमुळे आलो होतो. ताई माझी थोरली बहीण. तिने माझ्यासाठी अर्ज केला तेव्हा माझं लग्नही ठरलं नव्हतं. अर्जाला फळ आलं २००३ च्या डिसेंबरात. तोवर मला नवरा, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा होता, आणि नवऱ्याची जळगावच्या कोषागारात अठरा वर्षं कारकुनी झाली होती. त्याच्या टेबलावरून आक्षेपाशिवाय सुटलेलं देयक पुढे मुंबईतही अडत नाही, अशी त्याची ख्याती होती. अशा माणसाने रबरी वाटीची काठी हातात घेतली आणि त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. फक्त आकडे सरळ रेषेत बसले की नाहीत हे रस्त्यापलीकडे जाऊन बघून यायचा.

आम्हाला इथे आणण्यासाठी ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, एका प्रतिज्ञापत्रावर सही केली होती. या माणसांचा सरकारवर भार पडणार नाही आणि पडलाच तर तो मी भरून देईन, असा त्याचा मतलब. विमानतळावरून घरी नेताना गाडी चालवता चालवता ते म्हणाले, “एक लक्षात ठेवा. सरकारकडून इथे एक पैसा घ्यायचा नाही. माझी सही आहे. माझ्या पगारातून वसूल करतील.” मागच्या सीटवर मुलं झोपली होती. नवरा म्हणाला, “नाही घेणार.”

त्या प्रतिज्ञापत्राची प्रत त्याने फायलीत सर्वांत वर लावली. फाइल जळगावहून आणलेली, लाल फितीची. कुठलाही कागद बघायचा झाला तरी आधी ते पान उलटावं लागे.

नाही म्हणजे नाही. शाळेतून स्वस्त जेवणाचा फॉर्म आला, तो त्याने न भरता परत पाठवला. मुलं पोळीभाजी नेत राहिली. दर फेब्रुवारीत तो टॅक्सचा फॉर्म स्वतः भरायचा, ग्रंथालयातून कोरे फॉर्म आणून, पेन्सिलीने एकदा आणि शाईने एकदा. त्या फॉर्मवर मुलांची नावं लिहायची जागा असते. नावांच्या शेवटी एक छोटा चौकोन असतो. मूल सतरा वर्षांच्या आतलं असेल तर त्यात खूण करायची आणि मग खाली मुलामागे हजार डॉलरपर्यंतची सवलत मागायची. नवरा नावं लिहायचा आणि चौकोन रिकामा सोडायचा.

“हे काय आहे?” पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.

“मुलं आहेत म्हणून सरकार पैसे देतं.”

“मग?”

“मग काय? सरकार देतं.”

विषय संपला. पुढची तीन वर्षं मी विचारलं नाही. ताईच्या घराला धक्का लागू नये असं मलाही वाटत होतं. शिवाय खरं सांगायचं तर त्या रिकाम्या चौकोनाचा मला थोडा अभिमानही होता. ज्यांच्याकडे मिरवायला फारसं काही नसतं ती माणसं न घेतलेल्या गोष्टी मिरवतात.

मार्चमध्ये आमच्या अपार्टमेंटच्या मॅनेजरबाईंनी दाराला एक लिफाफा चिकटवला. जूनपासून भाडं महिना पावणेदोनशे डॉलरने वाढणार होतं. पत्राच्या शेवटी आम्ही तिथे राहतो याबद्दल आनंद व्यक्त केला होता.

दोन खोल्यांची ती जागा होती. खाली धुलाईची यंत्रं, वर आम्ही. पण मुलांची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि मुलगी त्या शाळेत रुजली होती. आली तेव्हा महिनाभर वर्गात एक शब्द न बोललेली पोर आता गणिताच्या स्पर्धेत शाळेकडून जात होती. भाडं परवडलं नाही तर डोंगरापलीकडच्या गावात जावं लागणार होतं. तिथून नवऱ्याला रोज जाऊन-येऊन तीन तास गाडी चालवावी लागली असती. त्याने पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला: तिकडे वाचणारं भाडं आणि त्यासाठी जाळायचा गॅस. गॅसचा भाव लिहिताना क्षणभर थांबला आणि म्हणाला, “हा आकडा पेन्सिलीनेच लिहितो.”

मुलगी म्हणाली, “आय ॲम नॉट गोइंग.” आणि दार लावून घेतलं.

त्या शनिवारी मी पुस्तकं परत करायला ग्रंथालयात गेले. अमेरिकेत फुकट मिळून चांगली असलेली गोष्ट एकच, असं माझं तेव्हा मत होतं, आणि ती म्हणजे ग्रंथालय. नवऱ्यालाही त्यावर आक्षेप नव्हता. पुस्तक परत करायचं असतं, त्यामुळे ते घेणं होत नाही. आत एका टेबलावर निवृत्त लोक फुकट टॅक्स भरून देत बसले होते. भाडेवाढीच्या पत्राने माझी भीड थोडी मोडली होती. मी घरी जाऊन आमच्या चारही वर्षांच्या रिटर्नच्या प्रती घेऊन आले.

टेबलामागची बाई शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली होती, हे ती पेन्सिल ज्या तऱ्हेने धरत होती त्यावरूनही कळलं असतं. तिने पान उलटलं आणि विचारलं, “ही मुलं तुमचीच?”

“हो.”

“तुमच्याजवळच राहतात?”

“कुठे जातील?”

“मग हे रिकामं का?”

मी माझ्या सावकाश इंग्रजीत प्रतिज्ञापत्राची गोष्ट सांगितली. तिने मध्ये अडवलं नाही. मग म्हणाली, त्या कागदाचा आणि याचा काही संबंध नाही. तुम्ही ज्या भाराच्या भीतीने हा आकडा सोडलात, त्या भारात नेमका हाच मोजत नाहीत. हा टॅक्सचा भाग आहे. आधी तुमचा टॅक्स यातून वळता होतो, उरलं तर हातात येतं. आणि ते उरलेलं मिळायला काम करून कमवावं लागतं. तिने छापील सूचनेतली ओळ बोटाने दाखवली. फार कमी कमवणाऱ्याला ते उरलेलं मिळत नाही, हे त्या ओळीतच होतं. कायदे करणाऱ्यांच्या गरिबांकडून जरा जास्तच अपेक्षा असतात, असं मला वाटून गेलं. पण आमची कमाई त्या अपेक्षेत बसत होती.

“चारही वर्षांची दुरुस्ती करता येईल,” ती म्हणाली. “पण सगळ्यांत जुन्या वर्षाची मुदत पंधरा एप्रिलला संपते. मग ते दोन हजार गेले.”

चार वर्षं, दोन मुलं. वाढलेलं भाडं तीन वर्षांहून जास्त भागलं असतं. मी फॉर्म घेऊन घरी आले.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “त्या बाईने लिहून दिलंय का?”

“काय?”

“की याने भाऊजींना काही होणार नाही.”

“अहो, तिने छापील ओळ दाखवली.”

“छापील ओळी आमच्याकडेही होत्या. एकेका ओळीवर सहा-सहा परिपत्रकं असायची.”

“मग भाऊजींना फोन करा.”

“साडूला फोन करून विचारू, तुमच्या सहीवर पैसे उचलू का?”

खोलीतून मुलीचा आवाज आला. “बाबा, त्या फॉर्मवर नाव माझं आहे. सो टेक्निकली इट्स माय मनी.”

“तू गणित कर,” तो म्हणाला. मग मला म्हणाला, “ज्याने सही केली त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी खूण करणार नाही.” हे तो चिडून म्हणाला नाही. चिडून म्हणाला असता तर मी भांडले असते.

पाडवा त्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी आला. भाऊजी महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष होते. एका शाळेचा हॉल घेतला होता; बास्केटबॉलच्या जाळीखाली गुढी उभारली होती आणि तिच्यामागे, गुढीपेक्षा बराच मोठा, कार्यकारिणीच्या फोटोंचा फलक होता. ध्वनिक्षेपकाला भाडं दिलं होतं, फलकाला छपाई दिली होती, ढोलवाल्यांना मानधन दिलं होतं. दीडशे पुरणपोळ्या ही मात्र सेवा होती. ती मी तीन संध्याकाळी बसून केली होती. पण एकही पोळी फुटली नव्हती, हेही नोंदवून ठेवते, कारण फलकावर त्याची नोंद नव्हती.

भाऊजी फेटा बांधून बोलायला उभे राहिले. फेटा शिवलेला, टोपीसारखा घालायचा होता आणि भाषणाच्या ओघात तो पुढे येत होता. “या देशात आपण ताठ मानेने राहिलो,” ते म्हणाले. “इथल्या सरकारपुढे मराठी माणसाने कधी हात पसरला नाही. आपण देणारे आहोत, घेणारे नव्हे.”

टाळ्या पडल्या. माझ्या हातात तुपाची वाटी होती, त्यामुळे मला वाजवता आल्या नाहीत. नवऱ्याने वाजवल्या. त्या हॉलमध्ये ते वाक्य इतकं तंतोतंत पाळणारा दुसरा माणूस नव्हता, हे वक्त्यालाही ठाऊक नव्हतं.

पंगत संपत आल्यावर भाऊजी आणखी एक पोळी घ्यायला माझ्या टेबलापाशी आले. ताई शेजारी पातेली झाकत होती. मुदतीला नऊ दिवस उरले होते. मी पोळी वाढली आणि विचारलं, “भाऊजी, टॅक्समध्ये मुलांमागे हजार डॉलर सोडतात, ते तुम्ही घेता का?”

“कुठले हजार?”

“अहो, चाइल्ड टॅक्स क्रेडिट,” ताई म्हणाली. “घेतो की. आधी दोघांचं घ्यायचो, आता धाकटीचंच मिळतं. यांचा पगार वाढला तेव्हा जरा कमी झालं.”

“ते घेणं नव्हे,” भाऊजी म्हणाले. “ते सॉफ्टवेअर आपोआप टाकतं.”

“आमच्याकडे हाताने भरतात,” मी म्हटलं. “आपोआप होत नाही.”

“म्हणजे तुम्ही घेतच नाही?” ताईचं झाकण हातातच राहिलं. “चार वर्षं? वेडी आहेस का गं? का?”

“भाऊजी म्हणाले होते ना. विमानतळावरून येताना, गाडीत. सरकारकडून एक पैसा घ्यायचा नाही, माझ्या पगारातून वसूल करतील.”

भाऊजींनी पोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मी असं म्हणालो होतो?”

“हो.”

“मला आठवत नाही.”

आम्ही चार वर्षं ज्या वाक्याच्या आधाराने राहिलो ते म्हणणाऱ्याच्या लक्षातही नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण भाऊजींनी फेटा काढून टेबलावर ठेवला आणि भाषणातल्यापेक्षा बऱ्याच हलक्या आवाजात म्हणाले, “त्या आधीच्या वर्षी माझी नोकरी गेली होती. आठ महिने घरी होतो. इथे कुणाला माहीत नाही. नवी लागली आणि लगेच तुमच्यासाठी सही केली. घाबरलो होतो गं. बोललो असेन.” मग म्हणाले, “घ्या तुम्ही ते. ते तुमचंच आहे.”

माझ्यामागे खुर्च्या मिटल्याचा आवाज थांबला होता. नवरा दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. “भाऊजी, पोळी गार होतेय,” एवढंच म्हणाला आणि खुर्च्या ठेवायला गेला.

गाडीत दुसऱ्या सिग्नलला थांबल्यावर नवऱ्याने आरसा सरळ केला. मग म्हणाला, “ग्रंथालय उद्या किती वाजता उघडतं?”

दुरुस्तीच्या फॉर्मवर मागे एक जागा असते. बदल का करता आहात, ते तिथे आपल्या शब्दांत लिहायचं. ज्याने तोवर जन्मभर दुसऱ्यांच्या खुलाशांवर आक्षेप घेतले, त्याला आता स्वतः खुलासा लिहायचा होता. दोन दिवस त्याचे मसुदे चालले. पहिला दीड पानांचा झाला. जळगावच्या इंग्रजीत त्याची सुरुवात, अत्यंत नम्रपणे विनंती करतो की, अशी होती आणि शेवटी कृपाभिलाषी होतं. ग्रंथालयातल्या बाईने तो पूर्ण वाचला, पेन्सिल काढली आणि पहिली ओळ खोडली. मग शेवटची खोडली. “तुम्ही इथे विनंती करत नाही आहात,” ती म्हणाली. “काय झालं ते फक्त सांगा.”

तो घरी येऊन टेबलाशी बसला आणि थोड्या वेळाने त्याने मला कागद दिला. त्याने लिहिलं होतं: ही दोन्ही मुलं आमची आहेत. ती आमच्याजवळ राहतात. हा चौकोन मी चुकून रिकामा सोडला.

“चुकून कुठे?” मी म्हटलं. “समजून-उमजून सोडला होता तुम्ही.”

“चुकीचं समजून सोडला. त्याला चूकच म्हणतात.”

ते त्याने चार फॉर्मवर चारदा लिहिलं, शाईने, त्याच्या त्या एकसारख्या अक्षरात, आणि चारदा खाली सही केली. जन्मात एकदाही आपल्या हिशेबातली चूक कबूल करायची वेळ न आलेला माणूस होता तो. भाऊजींचं नाव त्याने कुठेही आणलं नाही. मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली आहेत. त्या तीन ओळींइतकं ताठ मानेचं काही मला आठवत नाही.

चार लिफाफे त्याने चौदा तारखेला पोस्टात स्वतः नेऊन दिले, पोचपावतीसह. पोस्टातल्या माणसाने सांगून पाहिलं की पोचेची गरज नाही. दहा दिवसांत पोचपावतीची चार हिरवी कार्डं सही होऊन परत आली.

पैसे काही लगेच आले नाहीत. मेच्या शेवटी मॅनेजरबाईंनी नवा करार सही करायला बोलावलं तेव्हा आमच्याकडे ती कार्डंच होती. खांबावर तोवर पहिल्या जागी चारचा आकडा चढला होता, गॅलनला चार डॉलर. जूनचं वाढीव भाडं मी शनिवारचे जादा तास लाटून उभं केलं. पहिला चेक जुलैत आला, दोन ऑगस्टमध्ये, आणि चौथ्यासाठी मुलं आमच्याचकडे राहतात याचा शाळेचा दाखला मागवला गेला. नवऱ्याला ते फार आवडलं. “आक्षेप काढलाय,” तो म्हणाला, “आणि बरोबर काढलाय.” त्याने उलट टपाली दाखला धाडला.

पण सही आम्ही मेमध्येच केली, हे मला महत्त्वाचं वाटतं. नवऱ्याने कराराची सगळी पानं वाचली. बाई दोनदा घड्याळाकडे बघून म्हणाल्या, “सगळ्यांचा सारखाच असतो तो.” त्याने मान डोलावली आणि पुढचं पान वाचलं. शेवटच्या पानावर घरात राहणाऱ्यांची नावं लिहायची होती. त्याने माझं लिहिलं, आपलं लिहिलं, मग मुलीला पेन दिलं आणि म्हणाला, “तुझं तू लिही. भावाचंही लिही.” तिने लिहिलं. नावांसमोर वय अठराच्या आत असल्याचा एक चौकोन होता, त्यात तिने कुणी सांगायच्या आधीच खूण केली.

घरी आल्यावर त्याने फाइल उघडली. कराराची प्रत वर लावली, तिच्याखाली चार हिरवी कार्डं, आणि त्याखाली प्रतिज्ञापत्र. मग लाल फीत बांधली आणि कामावर गेला. भाव बदलायचा होता.